आबा, कीचक आणि गब्बरसिंग

सूड घेणं हे मुळात फार कष्टाचं काम आहे. माझ्यासारख्या माणसाला ते जमण्यातलं नाही. रिक्षावाल्यानं सुटे पैसे दिले नाहीत तर ‘बघून घेईन’ एवढं मनातल्या मनात म्हणायचं आणि पुढच्या चौकात विसरून जायचं, इतकीच आपली मजल. पण आमच्या आबांचं तसं नव्हतं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी एक सूड एकतीस वर्षं सांभाळला. रोज सकाळी उठून गोठ्यात बैलांपुढं वैरण टाकायची तशी ते त्या सुडालाही थोडी वैरण टाकत असत. तो शेवटपर्यंत धष्टपुष्ट राहिला, पण औताला मात्र कधी जुंपला गेला नाही.

प्रकरण बाभळीचं होतं. आमचं गाव कडेगाव. आज ते सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे. माझ्या लहानपणी ते खानापूर तालुक्यात होतं आणि कोर्टकचेरीला विट्याला जावं लागे. आबा आणि त्यांचे चुलतभाऊ आप्पा यांच्या शेताच्या सामाईक बांधावर एक बाभूळ होती. १९६१ साली आप्पांनी ती एका रात्रीत तोडली. औत करायला, असं ते म्हणत. आबांचं म्हणणं असं की अर्धी बाभूळ आमची होती. आप्पांचं म्हणणं असं की मुळं सगळी आमच्या बाजूला होती. हा मुळांचा प्रश्न विट्याच्या कोर्टात इतकी वर्षं चालला, की त्या बाभळीचं औत झालं, औताची जुनी लाकडं चुलीत गेली, राखेनं भांडी घासून झाली आणि तरी तारखा पडतच होत्या. दोन्ही घरांची मधली भिंत एक. आमच्याकडं फोडणी पडली की ठसका आप्पांना लागायचा. पण दोघे एकमेकांशी बोलत नसत. मोहरमात आमच्या गावचे ते उंचच्या उंच ताबूत उठतात. कडेगावचे ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहायला लांबलांबून लोक येतात, आणि त्यात हिंदूंचे ताबूतही असतात. तेव्हा आबा आणि आप्पा एकाच ताबुताच्या बांबूखाली खांद्याला खांदा लावून उभे असत. ताबुतांच्या भेटी होत. ह्या दोघांची होत नसे. घाम तेवढा एकमेकांच्या अंगावर गळे.

आबा म्हणायचे, “बघशील तू पोरा. एक दिवस दावतो ह्याला.”

तर ह्या आबांना १९७९ साली मी तंबूत ‘शोले’ बघायला घेऊन गेलो. म्हणजे त्यांनी मला नेलं, पण हट्ट माझा होता.

‘शोले’ मुंबईत लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. आमच्या गावात तो यायला चार वर्षं लागली, आणि तोवर तो सगळ्या गावाला पाठ झालेला होता. त्या पिक्चरच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या. लग्न असो, बारसं असो, लाउडस्पीकरवर आधी सनई आणि मग गब्बरसिंग. आमच्या वर्गातल्या मुलांना अफझलखानाच्या वधाचं साल विचारलं तर आढ्याकडं बघायची, पण ठाकूरचे हात कसे गेले ते सगळ्यांना ठाऊक. आबांनाही मी गोष्ट सांगून ठेवली होती. ऐकून ते गंभीर झाले. हात गेलेला माणूस, घरदार मारलेलं, आणि वैरी डोंगरात मोकळा. आबांना बाभूळ आठवली असणार. ते म्हणाले, “जाऊ या. कसं काय करतोय बघू तरी.” सुडाच्या बाबतीत त्यांचा हा अभ्यासदौरा होता असं म्हणायला हरकत नाही.

तंबू गावाबाहेर पडला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मध्ये कनात. जमिनीवर बसायचं, घोंगडं आपलं आपण आणायचं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळं रीळ संपलं की अंधार, आणि अंधारात नुसत्या विड्यांची टोकं. एवढा मोठा पिक्चर, त्याची किती रिळं असतील ते तुम्हीच बघा. दर रिळानंतर आबा मागं वळून विचारत, “किती ऱ्हायलं रं?” कंटाळून नव्हे. त्यांना शेवटाची घाई होती. अधेमधे ती गाणी, ती टांगेवाली, ती पाण्याची टाकी, ह्या सगळ्याचा त्यांना राग येत होता. “ह्या दोघांला आणलंय कशाला आन् हे करत्यात काय!”

आणि मग तो शेवट आला. ठाकूर येतो. हात नाहीत, पण बुटांना खिळे आहेत. गब्बर खाली पडलेला. तंबूत श्वास म्हणून ऐकू येईना. आबा गुडघ्यावर उभे राहिले होते. ठाकूर पाय उचलतो. आबा मोठ्यांदा ओरडले, “हाण की!”

आणि पोलीस आले.

पोलीस आले, कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या, ठाकूरचा पाय खाली आला आणि गब्बरला बेड्या पडल्या. तंबूत आधी शांतता, मग एक मोठा उसासा, एखाद्या ट्यूबमधली हवा जावी तसा. लोक घोंगडी झाडत उठले. आबा मात्र बसूनच होते. म्हणाले, “ह्यो पयल्यांदा कुठं हुता?”

“कोण?”

“ह्योच गब्बर. जेलातच हुता न्हवं? ठाकूरनंच धरून दिला हुता. तितनं पळाला म्हणून तर ही सगळी रामकथा. आता पुन्यांदा जेलात? मग त्या उंच पोराला मेला कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. हिंदुस्थानातला सगळ्यात गाजलेला सूडपट, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला, आणि त्यात सूडच नाही! लग्नाला बोलवावं, वरात दाखवावी, पंगतीला बसवावं आणि पत्रावळीवर नुसतं मीठ वाढून ‘या आता’ म्हणावं, तशातली गत.

कारण पुढं मोठेपणी कळलं. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी आली. पिक्चर तेव्हा तयारच होता, आणि त्यात ठाकूर गब्बरला त्या खिळ्यांच्या बुटांनी तुडवून मारतो असाच शेवट होता. सेन्सॉरनं म्हटलं, माजी पोलीस अधिकारी असा कायदा पायाखाली तुडवतो हे चालायचं नाही. रमेश सिप्पींनी पुष्कळ रदबदली केली, पण दिवस ते तसले. शेवटी संजीवकुमारना रशियातून बोलावून घेतलं आणि शेवट नव्यानं चित्रित केला. पोलीस आले ते असे. आबांना ‘हाण की’ म्हणायला लावून हात धरणारं माणूस पडद्यावर नव्हतंच, ते दिल्लीत होतं.

गंमत अशी की हे असं काही पहिल्यांदाच झालं नव्हतं. आपल्याकडच्या पडद्यावरचा सूड कापला जाण्याची परंपरा बोलपटाहूनही जुनी आहे, आणि ती सुरू झाली आमच्या शेजारी, कोल्हापुरात. बाबुराव पेंटर नावाच्या एका कलावंतानं तिथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. आडनाव मेस्त्री. सिनेमाचा कॅमेरासुद्धा ह्या माणसानं स्वतःच बनवला. आधी आनंदराव ह्या भावाबरोबर खटपट चालली होती. ते १९१६ साली गेले, आणि मग दामल्यांच्या मदतीनं बाबुरावांनी तो पुरा केला. आज आपल्याला घरातला फ्यूज घालायला माणूस बोलवावा लागतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या कॅमेऱ्यातून पहिला चित्रपट निघाला ‘सैरंध्री’, १९२० साली. गोष्ट आपली माहितीतलीच. पांडव विराटाच्या घरी अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री म्हणून राणीच्या सेवेला, आणि राणीचा भाऊ कीचक तिच्या मागं लागलेला. भर दरबारात तो तिला लाथ मारतो. धर्मराज फासे हातात धरून बसलेला. मग भीम रात्री नृत्यशाळेत अंधारात बसतो आणि कीचकाचा लगदा करतो. महाभारत वाचताना ह्या ठिकाणी कोणाही सज्जन माणसाला बरं वाटतं. बाबुरावांनी हा वध इतका हुबेहूब काढला की थिएटरात लोक किंचाळले. सिनेमा सेन्सॉर करण्याचा कायदा १९१८ चा, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथली मंडळं १९२० सालीच बसली होती. कात्री नवी होती, धार ताजी होती. कीचकवध कापला गेला. लोकमान्यांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं ते वेगळं, पण पुढच्या प्रेक्षकांना मात्र कीचकानं लाथ मारलेली दिसायची आणि भीमाचा हिशेब चुकता झालेला दिसायचा नाही.

आता यात एक उपकथानक आहे, आणि ते आमच्या सांगलीचं असल्यामुळं मी ते सोडणार नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली तेच हे सांगली. (सांगलीचा माणूस पाच मिनिटांत भाव्यांवर आला नाही तर त्याची तब्येत बरी नाही असं समजावं.) खाडिलकरांनी ‘कीचकवध’ नाटक लिहिलं, ते १९०७ साली रंगभूमीवर आलं. १९०५ ला कर्झननं बंगालची फाळणी केलेली, राग सगळ्यांच्या पोटात. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, शांत राहा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारला मात्र समजायला तीन वर्षं लागली. १९१० मध्ये बंदी आली. गोऱ्या साहेबाला एवढं पुराण समजलं हेच विशेष. म्हणजे बघा, दहा वर्षांत एकाच कीचकाला सरकारनं दोनदा वाचवलं, एकदा रंगभूमीवर आणि एकदा पडद्यावर. आणि पुढं पंचावन्न वर्षांनी गब्बरसिंगाला तिसऱ्यांदा. सरकार बदललं, मधे स्वातंत्र्य आलं, पण खलनायकाच्या जिवाची काळजी काही सुटली नाही.

मराठीत एक सूडपट सहीसलामत सुटला असं मला वाटतं, तो अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’. १९५९ चा. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यात सूड घ्यायची रीत निराळी. तमाशाच्या फडावर उभं राहायचं आणि वगातून गावच्या पाटलाचं पाप गावासमोर सांगायचं. सांगितलेलं कापायला कात्रीला जरा जड जातं. आमच्या आईला तो फार आवडायचा. बायकांना बाभूळ तोडून उपयोग नसतो, त्यांना सांगायचं असतं. पण हा विषय वाढेल.

तर तंबूकडं परत. आम्ही घरी निघालो, तो गावाच्या वेशीतूनच आभाळ तांबडं दिसलं. आप्पांच्या कडब्याची गंजी पेटली होती. सगळं गाव धावलं. आबाही धावले, पण आप्पांच्या हद्दीच्या दगडाशी येऊन थांबले. आत जावं तर जायचं नाही असं अठरा वर्षांचं पथ्य. मग त्यांनी दगडाच्या अलीकडं उभं राहून विहिरीवरून येणाऱ्या घागरी हातोहात पुढं द्यायला सुरुवात केली. गंजी गेली. आख्ख्या वर्षाची वैरण. दोन म्हशी, चार बैल, आणि पाऊस लांब.

सकाळी फौजदार आले. गावात अठरा वर्षांचं वैर एकच, त्यामुळं त्यांना फार शोध लावावा लागला नाही. आबांना चावडीवर बोलावलं. मी आबांच्या धोतराचा सोगा धरून होतो. मला आठवतं, त्यांचा हात थरथरत होता. हा माणूस त्रेचाळीस साली, प्रति सरकारच्या दिवसांत, कुंडलच्या बाजूला भूमिगतांना रात्रीच्या भाकरी पोचवणारा. पत्री मारलेली माणसं त्यांनी बघितली होती. लोकांनी ‘प्रति’चं ‘पत्री’ केलं ते त्या तळपायावरच्या मारावरून. शेणोलीला रेल्वे लुटली ती जूनच्या ७ तारखेला, हे तारखेसकट सांगत. तेव्हा ते घाबरले नव्हते म्हणे. चावडीवर घाबरले. तेव्हा गाव त्यांच्या बाजूला होतं. आज गाव गंजीकडं बघत होतं.

“रात्री कुठं होता?”

“पिक्चरला.”

“कुठला?”

“शोले.”

“शेवट काय झाला?”

आबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “शेवट? शेवट न्हाईच झाला, साहेब.”

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे मधूनच उठलात.”

“न्हवं! पुरता बघितला. त्यो पाय उचलतो, आन् तुमचा माणूस येतो.”

“मग झाला की शेवट. गुन्हेगाराला अटक झाली.”

“आवं पर त्यो आधी जेलातनंच पळाला हुता!”

चावडीवर लोक हसायला लागले, फौजदारांना ते लागलं. कायद्याच्या माणसापुढं कायद्याच्या विजयाला ‘शेवट न्हाई’ म्हणणारा हा म्हातारा नक्की काडी लावणारा, असं त्यांचं मत होत चाललेलं मला, बारा वर्षांच्या पोराला, दिसत होतं. मी होतो की त्यांच्याबरोबर, असं सांगायला तोंड उघडलं तर ‘तू गप’ म्हणाले. नातवाची साक्ष कोण धरतो? आणि तंबूत अंधारात कोण कोणाला बघतो? दोन-चार जण ‘व्हते वाटतं’ असं म्हणाले. ‘वाटतं’वर तेवढा जोर.

तेव्हा मागून आप्पा पुढं आले. रात्रभर जागलेले, मिशीला राख. आबांकडं बघितलं नाही, फौजदारांकडंच बघून बोलले.

“त्यो तंबूतच हुता साहेब. माझ्या म्होरं चार माणसं सोडून. दर रिळाला मान वळवून इचारत हुता, किती ऱ्हायलं. शेवटाला ‘हाण की’ म्हणून वरडला त्यो ह्योच.”

“तुम्ही काय करत होता तिथं?”

“मी बी बघत हुतो की.” मग जरा थांबून, “शेवट काय न्हाई त्याला.”

फौजदारांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि कागद घडी केले. गंजी कशी पेटली ते कधीच कळलं नाही. कोणा गड्याची विडी असावी. आप्पांनी नुसतं गप्प बसायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. ‘दिसला न्हाई’ एवढं म्हटलं असतं तर आबा विट्याला गेले असते, आणि बाभळीसाठी नव्हे. हे आबांना कळत होतं. घरी येऊन ते जेवले नाहीत. दिवसभर गोठ्यात बसून राहिले. शेवटी वडिलांना बोलावून म्हणाले, “दोनशे पेंढ्या टाकून ये तिकडं. रातच्याला. आन् काय बोलू नगंस.”

वडिलांनी गाडी जुंपली आणि टाकून आले. आप्पांनी त्या ठेवून घेतल्या. तेही काही बोलले नाहीत. पुढच्या सुगीला एका सकाळी आमच्या दारात पेंढ्या येऊन पडल्या. आबांनी मोजायला लावल्या. दोनशे एक भरल्या. आबा लाल झाले. “याज देतोय व्हय मला!” आणि मला ती एक पेंढी डोक्यावर देऊन परत पाठवलं. आप्पांनी ती घेतली, तिचे दोन भाग केले आणि अर्धी माझ्या हातात परत दिली. ती अर्धी पेंढी घेऊन मी दोन दारांच्या मधे उभा राहिलो तो प्रसंग मी कोणाला सांगितलेला नाही. शेवटी ती मी आमच्या बैलापुढं टाकली आणि आबांना काही कळू दिलं नाही.

अबोला मात्र चालूच राहिला. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं म्हणा ना. निरोप असले की मधे मी. “त्याला म्हणावं, तुझी म्हस माझ्या कडवळात शिरलीय.” “त्याला म्हणावं, कडवळ म्हशीच्या तोंडात आलंय.” असं सगळं.

मग १९९२ च्या सुमारास आप्पांच्या नातीच्या लग्नात व्हीसीआर आणला. तेव्हा ‘शोले’ची एक लांबडी कॅसेट फिरत असे, तिच्यात तो पहिला, कापलेला शेवट होता. (तो पिक्चर आता २०२५ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, दुरुस्त करून मूळ शेवटासकट इटलीत बोलोन्याला दाखवला. आमच्या कडेगावात तो तेहेतीस वर्षं आधी झाला, हे आपलं सहज सांगतो.) मी तोवर पुण्याला नोकरीला लागलेला. आबांना म्हटलं, चला, तुमचा शेवट दाखवतो. नको नको म्हणत आले. आयुष्यात एकतीस वर्षांनी त्या ओट्यावर चढले, निमित्त गब्बरसिंगाचं. माजघरात सतरंजीवर बसले. आप्पा पलीकडं भिंतीला टेकून बसलेले, एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला.

ठाकूर आला. पाय उचलला. मी आबांकडं बघत होतो. पोलीस आले नाहीत. ठाकूरनं हाणलं, पुन्हा हाणलं, आणि गब्बर मेला. आता ठाकूर उभ्या उभ्या रडायला लागला, हुंदके देऊन, वीरूच्या खांद्यावर डोकं टेकून. डोळे पुसायला हात नाहीत त्याला.

माजघरात कोणी काही बोललं नाही. कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या यायला लागल्या. बराच वेळ गेल्यावर आप्पा मला म्हणाले, “त्याला इच्यार, आता ह्या ठाकूरला जेल हुणार न्हवं?”

मी आबांकडं वळलो. विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली.

आप्पा म्हणाले, “मग त्याला म्हणावं, तितं त्याला घास कोण भरवणार? हात न्हाईत त्याला. घरी तरी रामलाल हुता.”

मी निरोप पोचवायला तोंड उघडलं. आबांनी मला हातानं बाजूला सारलं आणि आप्पांकडं बघून म्हणाले,

“देत असतील एखादा माणूस.”